नाताळची आवराआवर

युरोपास जाऊन आलेल्या आपल्या मंडळींनी नाताळच्या थाटामाटाची वर्णने पुष्कळ लिहिली आहेत. दिव्यांनी लखलखणारे बाजार, खिडक्याखिडक्यांतून दिसणारी शृंगारलेली झाडे, भाजलेल्या बदामांचा दरवळ, हे सर्व वाचकांच्या परिचयाचे आहे. परंतु सण सरल्यावर हा सगळा थाट जातो कोठे, तो उतरवतो कोण आणि पुढील अकरा महिने तो राहतो कोठे, याविषयी कोणी लिहिल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. आम्हांसही ते सुचले नसते. पण आमचा प्रवासयोगच उलटा. २०२३ सालच्या डिसेंबरात आम्ही उभयता जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी मुलीकडे जाऊन पोहोचलो ते २७ तारखेस, म्हणजे मुहूर्त टळून गेल्यावर. १४३४ सालापासून भरत आलेला तेथील प्रसिद्ध बाजार २४ तारखेसच उठला होता. आम्ही पाहिला तो त्याच्या फळ्या मालमोटारींत चढताना. त्यातच एल्बे नदीला त्या आठवड्यात पूर आलेला, आभाळ राखेच्या रंगाचे आणि दुपारी चार वाजताच काळोख. सौभाग्यवती म्हणाल्या, "लग्न लागून गेल्यावर मांडवात आल्यासारखे झाले."

मुलीचे बिऱ्हाड नदीच्या उत्तरेस, बाहेरच्या नव्या शहरात. नाव नवे, पण वस्ती शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत इंग्रज व अमेरिकन विमानांनी या शहराचा जुना गाभा जाळून काढला. इतिहाससंशोधकांच्या समितीने २०१० साली काढलेल्या निष्कर्षाप्रमाणे त्यात २५,००० पर्यंत माणसे मृत्युमुखी पडली. हा उत्तरेकडील भाग मात्र बऱ्याच अंशी वाचला. त्यामुळे तेथे अद्याप जुनी चार-चार मजली घरे, करकरणारे लाकडी जिने आणि छपराखालचे पोटमाळे पाहावयास मिळतात. आमच्या मुलीच्या खालच्याच मजल्यावर घरमालकीणबाई राहत. वय त्र्याऐंशी, कणा ताठ, कान किंचित मंद. शाळेत त्या रशियन शिकलेल्या, आम्ही इंग्रजी. तेव्हा संभाषण आमच्या मुलीच्या मध्यस्थीने चाले. आम्ही त्यांना आपसांत आजीबाई म्हणू लागलो, आणि पुढे त्यांच्या तोंडावरही तेच म्हणू लागलो. त्यांना ते नाव आवडलेले दिसले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला: "शनिवारी झाड उतरवायचे आहे. कॉफीस या." तो शनिवार ६ जानेवारीचा होता. पूर्वेकडील तीन राजे बाळ येशूच्या दर्शनास आले, त्याचा हा दिवस मानतात, आणि पुष्कळ घरी त्याच दिवशी नाताळाचे विसर्जन होते. परंतु सर्वत्र नव्हे. दक्षिणेकडील एर्ट्सगेबिर्गे नावाच्या खाणींच्या डोंगरी मुलखात खिडकीतली दिव्यांची कमान आणि लाकडी मनोरा २ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे मेणबत्त्या मंत्रण्याच्या सणापर्यंत, जागचे हलवीत नाहीत. आजीबाईंचे माहेर, म्हणजे त्यांच्या आईचे मूळ घर, त्या मुलखातले. त्यांनी दोन्ही घरांचा मान राखणारी तोड काढली होती: झाड ६ जानेवारीस उतरवायचे, कमान आणि मनोरा २ फेब्रुवारीस. कुळाचार असाच ठरतो, याची प्रचीती आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नकोच.

आम्ही खाली गेलो तेव्हा लायप्झिगला शिकणारा त्यांचा नातू आधीच येऊन झाडाखाली जुनी चादर पसरीत होता. दोघी मुली दूरच्या गावी. त्या नाताळच्या आदल्या दिवशी मुलाबाळांसह येऊन झाड सजवून, जेवून, गाणी म्हणून गेल्या होत्या. उतरवावयास आम्ही तिघे, नातू आणि आजीबाई.

या कामाला एक क्रम आहे, तो आम्ही तेथे प्रथमच पाहिला. सजवताना जे अखेरीस चढते ते प्रथम उतरते. आधी लामेटा, म्हणजे झाडावर हिमासारख्या लोंबत्या सोडलेल्या धातूच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या. आजकाल त्या फारशा कोणी लावीत नाही. खऱ्या धातूच्या पट्ट्या करणाऱ्या जर्मनीतल्या अखेरच्या कारखान्याने २०१५ च्या सुमारास ते काम थांबवले. आजीबाईंच्या पट्ट्या कितीतरी जुन्या. त्या एकेक सोडवून, बोटांत सरळ करून, घडी घातलेल्या पुठ्ठ्यावर वाळत घातल्याप्रमाणे ओळीने टांगावयाच्या. आम्हांस वाटले, हा निव्वळ चिक्कूपणा. पण त्याला दुसरेही कारण आहे. जुन्या पट्ट्यांत शिसे असते. ते झाडाबरोबर खताच्या ढिगात जाऊ नये म्हणून नगरपालिकाही झाड पूर्ण उघडे करून आणावयास सांगते. काम संपताच आजीबाईंनी सर्वांना साबणाने हात धुवावयास लावले, आमच्या वयाकडे न पाहता.

मग काचेचे गोळे, फळे, घंटा आणि पक्षी. यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या चौकोनी खणांचे दोन खोके होते. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस यादी चिकटवलेली, खणांना अंक घातलेले. हलके वरच्या थरात, जड खालच्या. प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळलेली असावयाची, आणि या कागदांपाशीच आमचे काम रेंगाळले. कारण ते कागद म्हणजे वर्तमानपत्रांचे तुकडे होते, आणि ज्या वर्षी एखादा कागद फाटून बदलावा लागला त्या वर्षीचे पत्र त्या वस्तूभोवती आलेले. नातू एकेक उलगडून वाचू लागला. एका घंटेभोवती १९६१ साल होते, ज्या वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली; एका द्राक्षाच्या घोसाभोवती १९९० सालचा जानेवारी, ज्या वेळी ती पडून दोन महिने झाले होते. आणि शेपटीला काचेच्या तंतूंचा झुबका असलेल्या एका रुपेरी पक्ष्याभोवती १९४५ च्या जानेवारीतला, पिवळा पडून कडा झडलेला एक चतकोर.

तो खोका आजीबाईंच्या आईचा. लढाईपूर्वीच सरकारी हुकूम निघाला होता की, पोटमाळ्यावरची अडगळ काढून टाकावी. आगीचे बॉम्ब प्रथम छपरावर पडतात आणि अडगळीने वणवा पेटतो. तेव्हा पुष्कळांनी आपली खोकी जाळली अथवा देऊन टाकली. आजीबाईंच्या आईने हा खोका तळघरात नेला. १९४५ साली तिने नेमाप्रमाणे २ फेब्रुवारीस सर्व आवरले, आणि अकरा दिवसांनी शहर जळाले. "आम्ही चार दिवस याच खोक्याशेजारी बसून होतो, असे आई सांगे. मला स्वतःला काहीच आठवत नाही," आजीबाई म्हणाल्या. बाकी यावर त्यांनी विस्तार केला नाही.

नातवाने मऊ, आम्लविरहित पांढऱ्या कागदाचे पुडके विकत आणले होते. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते आणि त्याची शाई वस्तूस लागते, हे त्याचे म्हणणे अगदी बरोबर. आजीबाईंनी ते मान्य केले: आत पांढरा कागद, वर जुनाच. त्यांचे बाकीचे नियमही आम्ही टिपून घेतले. गोळे ओल्या फडक्याने पुसू नयेत, रंग निघून येतो. मऊ कोरड्या कुंच्याने झटकावेत. मेणाचा देवदूत माळ्यावर नेऊ नये, उन्हाळ्यात तो बसल्या जागी वितळतो. तळघरात काहीच कागदी ठेवू नये, बुरशी धरते. म्हणून सर्व खोकी त्यांच्या निजण्याच्या खोलीतल्या फडताळात, अगदी तळाशी. एका लहान पत्र्याच्या डबीत गोळ्यांच्या मानेवर बसणाऱ्या धातूच्या बारीक टोप्या होत्या, वीस-पंचवीस तरी. आम्ही विचारले, एवढ्या जादा टोप्या कशासाठी? त्या म्हणाल्या, "जादा नव्हेत. जे फुटले त्यांच्या आहेत. एखाद्याची टोपी हरवली तर उपयोगी पडते."

पाचच मिनिटांनी त्या डबीची पाळी आमच्यावर आली असती. पण तेही झाले नाही, कारण पक्ष्यास टोपी नसते, चिमटा असतो. तो १९४५ चा रुपेरी पक्षी पांढऱ्या कागदात ठेवण्याचा मान आम्ही हौसेने मागून घेतला आणि चष्मा सावरण्यासाठी एक हात मोकळा केला. चादर जमिनीवर होतीच. पण तो पडला तो खुर्चीच्या पायावर. आवाजसुद्धा झाला नाही, इतकी ती काच पातळ. हातात उरला तो केवळ शेपटीचा झुबका.

त्या क्षणी आमची अवस्था काय झाली असेल, हे ज्याने सोयऱ्याच्या घरी जुनी वस्तू फोडली आहे तोच जाणे. मुलीने आमच्यातर्फे जे काय सांगितले ते आम्हांस कळले नाही. आजीबाईंनी केरसुणी आणली, काचा कागदात बांधल्या, चिमटा आणि शेपूट उचलून डबीत टाकली, आणि यादीतल्या त्या ओळीपुढे शिसपेनीने साल लिहिले. मग कॉफी ओतली. न रागावणे हे कधीकधी रागावण्यापेक्षा जड जाते.

कॉफी पिता पिता कळले ते असे. वसंत ऋतूत आजीबाई हे बिऱ्हाड सोडून वृद्धांच्या निवासात जाणार होत्या. तेथे एकच खोली. खोके कोणास द्यावयाचे हा प्रश्न होता. दोघी मुलींनी मागितले होते, दोघींचा हक्क सारखा. सौभाग्यवतींना राहवेना. आमच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींचे पितळी मुखवटे आहेत. तीन भावांची चूल वेगळी झाली तेव्हा भांडी वाटली, जमीन वाटली, पण मुखवट्यांची जोडी फोडता येईना, म्हणून गौरी दरवर्षी पाळीने एकेका घरी जातात, ही हकीकत त्यांनी मुलीकरवी सांगितली. आजीबाईंनी लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, "बसवावयास सगळे जमतात का?" "जमतात की. तीसएक पान होते." "आणि उठवल्यावर पेटीत कोण भरते?" सौभाग्यवती थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी."

"तर मग," आजीबाई म्हणाल्या, "मी ठरवले आहे. जो आवरावयास येईल, खोका त्याचा. मांडावयास येतात त्यांना मी मोजीत नाही." नातू पाठ करून झाडाच्या बुंध्याचा स्क्रू सैल करीत होता, त्याने ऐकले की नाही, न कळे.

झाड मग जिन्यावरून सुया सांडीत खाली गेले आणि नगरपालिकेने जानेवारीपुरत्या नेमलेल्या जागी इतर झाडांत जाऊन पडले. जाता जाता एक गंमत: बर्लिनच्या एका प्राणिसंग्रहालयात न खपलेली झाडे हत्तींना खाऊ घालतात. घरोघरची मात्र घेत नाहीत, कारण त्यांत तारा-चिमटे राहून गेलेले असतात.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी टांगलेला कागदी तारा उतरवणे तेवढे राहिले होते. हा हेर्नहूटचा तारा. हेर्नहूट हे ड्रेस्डेनच्या पूर्वेस, १७२२ साली मोराव्हियन पंथाच्या लोकांनी वसवलेले गाव. २०२४ च्या जुलैत युनेस्कोने त्यास जागतिक वारशात घेतले. या ताऱ्यास चौकोनी बैठकीची सतरा आणि त्रिकोणी बैठकीची आठ अशी पंचवीस टोके. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीस्की येथील त्या पंथाच्या वसतिगृहात भूमितीचा पाठ म्हणून तो प्रथम केला गेला. तेथे राहणाऱ्यांत मिशनऱ्यांची मुले असत, ज्यांचे आईबाप सातासमुद्रापार. याच पंथाचे लोक पुढे आपल्या लाहुलात केलांगला आणि १८८५ साली लेहला येऊन राहिले. तारा सुटा करताना पंचवीस शंकू एकात एक बसत जातात आणि तेवढा मोठा तारा वीतभर उंचीच्या पेटीत मावतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा जुळवावयाचा असतो, आणि तो जुळवण्यात घरची मुले भूमिती शिकतात. आमच्या मुलीने शंकू मोजून पेटीत ठेवले. घरापासून इतक्या दूर ती हे काम किती सराईतपणे करीत होती, ते आम्ही नुसते पाहत होतो.

फुटलेल्या पक्ष्याने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, असले पक्षी एकाच गावचे: थुरिंगियाच्या अरण्यातले लाउशा. जानेवारीच्या मध्यावर मुलीने रजा काढली आणि आम्ही दोघे निघालो. सौभाग्यवतींचा गुडघा थंडीने धरला होता. खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोनेबेर्गहून एक लहान गाडी डोंगर चढत जाते. अरुंद दरी, दोहों बाजूंस पाटीच्या काळ्या दगडाने मढवलेली घरे, वर बर्फ. १५९७ साली हान्स ग्रायनर आणि ख्रिस्टोफ म्यूलर या दोघांनी येथे काचेची भट्टी घातली, त्यापासून गावाचा जन्म. लाकूड, वाळू आणि पाणी जेथे, तेथे काच. माणसाचा काचेचा कृत्रिम डोळा या गावी १८३५ साली तयार झाला. नाताळच्या काचेच्या गोळ्यांची मागणी १८४८ सालच्या वहीत नोंदलेली सापडते. एका गरीब कारागिराला झाडावर टांगावयास सफरचंदे-अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ती काचेची फुंकली, अशी दंतकथा सांगतात. १८६७ साली गावात गॅस आला, ज्योत एकसारखी मिळू लागली आणि काच कागदासारखी पातळ फुंकता येऊ लागली. १८८० च्या सुमारास वूलवर्थ हा अमेरिकन व्यापारी येथील माल नेऊ लागला, आणि घरोघर हाच धंदा झाला: पुरुष फुंकीत, बायका आत रुपे चढवून रंगवीत, मुले टोप्या बसवीत, आणि पाठीवर उंच करंड्या बांधून बायकाच तो माल झोनेबेर्गच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचवीत.

एका लहान कारखान्यात आम्ही हे पाहिले. काचेची नळी ज्योतीत फिरवून मऊ करावयाची, साच्यात धरून एक फुंकर मारावयाची, आणि पक्षी झाला. तो पारदर्शक. मग त्याच्या पोटात रुप्याच्या क्षाराचे द्रावण ओतून, कोमट पाण्यात धरून हलवावयाचा. पाहता पाहता आतून आरसा चढतो. चमक बाहेरून नसते, आतून असते, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. शेवटी रंग, आणि शेपटीस काचेच्या तंतूंचा झुबका. ही कला २०२१ साली जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. लढाईनंतर हे गाव पूर्व जर्मनीत गेले, कित्येक कारागीर जवळच्याच सरहद्दीपलीकडे निघून गेले, आणि उरलेल्यांचा पुष्कळसा माल परदेशी चलनासाठी बाहेर जाई. त्यामुळे आजीबाईंच्या तरुणपणी, आपल्याच देशात असूनही, असा पक्षी दुकानात सहज मिळत नसे.

तसाच पक्षी काही मिळाला नाही. साचे अनेक, पण आमच्या आठवणीतली मान जरा अधिक वळलेली होती. जवळात जवळचा निवडला. किंमत येथे लिहीत नाही. हा मजकूर सौभाग्यवतींच्या वाचनात येणार आहे. वाटेत फुटू नये म्हणून आम्ही तो पिशवीत हाती लागलेल्या कागदात गुंडाळला.

२ फेब्रुवारीस पुन्हा खाली जमलो. लायप्झिगचा नातू आला होता. मुलींचे फोन येऊन गेले. मनोऱ्याचे काम नाजूक. मेणबत्त्यांच्या उष्णतेने फिरणारे त्याचे वरचे पंखे एकेक काढून अंकाप्रमाणे लावावयाचे, खालची काचेची वाटी, जिच्यावर मधल्या दांड्याचे टोक फिरते, ती कापसात. मेणाचे ओघळ थंडीत कडक होऊ देऊन नखाने उडवावयाचे. धूप घालण्याच्या लाकडी बाहुल्यांच्या पोटातली राख नातवाने कुंच्याने काढली.

मग आम्ही पक्षी पुढे केला. आजीबाईंनी तो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिला, चिमटा दोनदा दाबून पाहिला. "मान सरळ आहे," एवढेच म्हणाल्या. पण यादीत त्याच खणापुढे नवी ओळ लिहिली. नंतर त्यांनी भोवतालचा कागद नाकाशी नेला आणि प्रश्नार्थक मुद्रेने मुलीकडे पाहिले. तो पुण्याहून गोडा मसाला बांधून आणलेल्या वर्तमानपत्राचा होता. "यावर काय लिहिले आहे?" त्यांनी विचारले. आम्ही चष्मा लावून वाचले. डिसेंबरात सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, त्याची बातमी होती. मुलीने ती सविस्तर भाषांतर करून सांगितली. आजीबाईंनी नीट ऐकून घेतली, कांद्याचा भाव विचारला, पक्षी प्रथम पांढऱ्या कागदात बांधला, त्यावर कांद्याची बातमी गुंडाळली आणि तो खणात ठेवला. झाकण लावले. दोरीची गाठ मात्र त्यांनी नातवाकडून तीनदा सोडवून पुन्हा बांधवली, कारण ती वर्षभराने सहज सुटली पाहिजे.